देण्यांसकट पूर्वज

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या गवताळ मुलखात वस्तीला गेलेल्या कुटुंबांपैकी इंगल्स कुटुंब जगाला सर्वाधिक परिचित आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर हिने १९३२ ते १९४३ या काळात आपल्या बालपणावर कादंबऱ्यांची मालिका लिहिली आणि तिचे वडील चार्ल्स घरोघर पोहोचले. कुऱ्हाडीने घर उभारणारा, रात्री फिडल वाजवणारा, कुणापुढे हात न पसरणारा बाप. याच लॉराने १९३० च्या सुमारास एक आत्मकथन लिहिले होते. ‘पायोनियर गर्ल’ या नावाचे ते लेखन २०१४ मध्ये प्रकाशित झाले. ते आत्मकथन आणि त्या काळचे सरकारी कागद कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवून वाचताना माझे एक मत पक्के होत गेले. पूर्वज कुणाकुणाचे देणे लागत होता हे लिहिल्याशिवाय त्याचे कर्तृत्वही नीट कळत नाही. स्वावलंबनाचा आदर्श म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्या चार्ल्सच्याच आयुष्यात याचा पुरावा आहे.

पहिले देणे जमिनीचे. १८६९ मध्ये चार्ल्स आणि त्याची पत्नी कॅरोलाइन दोन लहान मुलींना घेऊन कॅन्ससमध्ये इंडिपेंडन्स गावाजवळ गेले. ही जमीन ओसेज या मूळनिवासी लोकांची राखीव जमीन होती आणि वसाहतकारांना तिच्यावर कोणताही हक्क नव्हता. १८७० च्या जनगणनेत इंगल्स कुटुंबाची नोंद आहे. तिथे स्थावर मालमत्तेच्या रकान्यात किंमत नाही. जमीन ओसेजांची आहे आणि वस्तीवाल्यांकडे तिची मालकी नाही, असा शेरा आहे. कादंबरीत सैन्य येऊन हाकलून देणार म्हणून हे कुटुंब निघते. पण यामागे एक साधे कारणही होते. विस्कॉन्सिनमधले त्यांचे घर ज्याने विकत घेतले होते, त्याला पैसे भरणे जमेना, म्हणून १८७१ मध्ये ते तिकडे परतले. मुलूख सोडावा लागला तो खरे तर ओसेजांना. जुलै १८७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याने ती जमीन विक्रीला निघाली आणि ओसेज दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेले. याच कॅन्ससमध्ये सगळे कुटुंब हिवतापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा शेजारी राहणारे कृष्णवर्णीय डॉक्टर जॉर्ज टॅन यांनी त्यांच्यावर उपचार केले. एकट्याच्या बळावर जगण्याची जी कथा सांगितली जाते, तिच्या पहिल्याच मुक्कामावर जमीन दुसऱ्याची होती आणि जीव वाचवणारा हातही दुसऱ्याचा होता.

दुसरे देणे दुष्काळी वर्षांचे. १८७४ मध्ये कुटुंब मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्हजवळ आले आणि ओढ्याच्या काठात खणलेल्या मातीच्या घरात राहू लागले. त्यानंतरच्या वर्षांत रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळधाडींनी उभा गहू फस्त केला. चार्ल्स पायी पूर्वेकडे जाऊन दुसऱ्यांच्या शेतात कापणीची मजुरी करी. तेही पुरेना, तेव्हा राज्य सरकारकडून पीठ मिळावे म्हणून आपण पूर्णपणे निर्धन आहोत असे त्याने १८७५ मध्ये लिहून दिले. त्याच वर्षी जन्मलेला एकुलता मुलगा १८७६ मध्ये, नऊ महिन्यांचा असताना गेला. मग आयोवातल्या बर ओक गावी एका हॉटेलात काम, आणि भाडे थकल्यावर रात्रीच्या अंधारात गाव सोडणे. सरकारी पीठ, मुलाचा मृत्यू आणि बर ओक, या तिन्हींना कादंबऱ्यांत जागा मिळाली नाही. मुलांसाठी लिहिताना दुःख गाळावेसे वाटणे मी समजू शकतो. परंतु ही वर्षे गाळली की चार्ल्स पुन्हा पुन्हा गाडी का जुंपतो, याचे उत्तर फक्त ‘भटकी वृत्ती’ एवढेच उरते. कागद मात्र कर्ज आणि टोळधाड ही कारणे सांगतात.

तिसरे देणे घरातल्या बायकामुलींचे, आणि त्यांच्यासोबत सरकारचे व रेल्वेचे. कॅरोलाइन लग्नाआधी शिक्षिका होती, आणि शाळा असलेल्या गावाजवळ राहायचे हा तिचा आग्रह होता. हॉटेलातल्या कामाला लॉराने लहान वयातच हात लावला. सोळावे वर्ष पुरे होण्याआधी ती शाळेत शिकवू लागली आणि तिची कमाई घराच्या उपयोगी पडली. थोरली मेरी १८७९ मध्ये अंध झाली. डाकोटा प्रदेशात अंधांसाठी शाळा नव्हती, म्हणून आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेतल्या तिच्या शिक्षणाचा खर्च प्रदेश सरकारने उचलला. याच प्रदेशातल्या डी स्मेट गावी कुटुंब स्थिरावले तेही रेल्वेमुळे. चार्ल्सला तिथे आणले ते रेल्वे कंपनीच्या छावणीतल्या नोकरीने. १८८०-८१ च्या हिवाळ्यात हिमवादळांनी गाड्या बंद पडल्या, तेव्हा गावावर उपासमारीची वेळ आली. १८८६ मध्ये जी जमीन अखेर त्याच्या नावावर झाली, तीही १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली. पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला या कायद्याने १६० एकर जवळजवळ फुकट मिळत. या एका कायद्याने सरकारने सुमारे २७ कोटी एकर जमीन लोकांना वाटली.

यावर पहिला आक्षेप असा की, जमीन फुकट मिळाली तरी नांगर चार्ल्सनेच धरला, घरे त्यानेच बांधली. हे खरे आहे, आणि माझे म्हणणे त्याच्या विरोधात नाही. याच कायद्याखाली जमीन घेतलेल्या अनेकांना पाच वर्षे टिकता आले नाही. चार्ल्स टिकला. ते का कौतुकाचे, हे टोळधाड आणि मुलाचा मृत्यू सांगितल्यावरच कळते. दुसरा आक्षेप असा की, कादंबरीला दस्तऐवजाचा निकष लावू नये. एरवी मी तो मान्य केला असता. पण या पुस्तकांतला बाप वाचकांनी खरा मानला, आणि सरकारच्या आधाराविना माणूस उभा राहतो याचा दाखला म्हणून त्याचे नाव घेतले गेले. जे लेखन पुरावा म्हणून वापरले जाते, ते पुराव्यानेच तपासावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आजच्या नीतीने दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला का मोजायचे? पण जमीन ओसेजांची आहे हे १८७० मध्ये गणनेच्या कागदावरच लिहिलेले आहे. ते ज्ञान आजचे नव्हे. आणि लॉराने स्वतःच याचे उत्तर दिले आहे. कॅन्ससवरच्या कादंबरीत त्या मुलखात माणसे नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचे वाक्य होते. एका वाचकाने ते प्रकाशकांच्या नजरेस आणल्यावर वयाच्या ऐंशीच्या घरात तिने चूक मान्य केली, आणि १९५३ च्या आवृत्तीत त्या वाक्यातली ‘माणसे’ जाऊन ‘वसाहतकार’ आले. पूर्वजावर सर्वाधिक प्रेम करणाऱ्या मुलीने त्याची कथा दुरुस्त केली, आणि त्याने चार्ल्सची उंची तसूभरही कमी झाली नाही.

म्हणून मूळपुरुषाचे चरित्र लिहू पाहणाऱ्या कोणत्याही कुटुंबाने, मग ते कुठल्याही देशातले असो, आधी देण्यांचा शोध घ्यावा असे मला वाटते. जमीन कुणाची होती, कठीण वर्षी धान्य कुणी दिले, कुणाच्या मजुरीवर घर चालले, कोणते मूल दगावले. हे प्रश्न पूर्वजाचा अपमान करत नाहीत. तो ज्या माणसांमध्ये जगला ती माणसे त्यांतून त्याला परत मिळतात. आणि अशा माहितीवर उभ्या राहिलेल्या अभिमानाला उद्या एखादा नवा कागद सापडण्याचे भय राहत नाही.