बलाची हुलकावणी

बल ही मोठी लहरी देवता आहे, असे तालमीत म्हणण्याची जुनी चाल आहे. परवा जे वजन सहज डोक्यावर गेले, तेच आज गुडघ्यांपाशी अडते. अंगात ताप नाही, कोठे दुखापत नाही, उमेदही उणी नाही. आणि तरी बार वर जात नाही. अशा वेळी गडी खाली मान घालतो, सोबती हसतात, आणि घरी कळले की आई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढावयास बसते. आम्ही बडोदेकर, मारुतीच्या देवळालगतच्या तालमीत आमच्या पुष्कळ सकाळी गेल्या. हा प्रसंग आम्ही इतक्यांदा पाहिला आहे की, त्याविषयी चार शब्द बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट ही की, कमावलेले बल एका रात्रीत नाहीसे होत नाही. मीराबाई चानू यांचेच उदाहरण घ्यावे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्क या प्रकारातील त्यांचे तिन्ही प्रयत्न फसले. पुढच्याच वर्षी त्या जगज्जेत्या झाल्या, आणि २०२१ साली टोकियोत एकूण २०२ किलो उचलून त्यांनी रौप्यपदक मिळविले. रिओत त्यांचे बल कोणी चोरून नेले नव्हते. ते हाकेला आले नाही, इतकेच. २०२४ साली पॅरिसमध्ये त्यांचे पदक अवघ्या एका किलोने हुकले. मासिक पाळीचा तिसरा दिवस होता व अशक्तपणा जाणवत होता, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आमच्या तालमींनी तो मोकळेपणा शिकण्याजोगा आहे.

बल हाकेला न येण्याची कारणे बहुधा साधी असतात. पूर्ण जोराच्या उचलीस स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट हे द्रव्य खर्ची पडते. त्याचा साठा दहाएक सेकंदांत बराचसा सरतो व भरून येण्यास काही मिनिटे लागतात. तेवढा दम न घेता जो पुन्हा बारला हात घालतो, तो रिकाम्या रांजणात तांब्या बुडवितो. दुसरे कारण जागरण. उत्सवात रात्रभर भजनास बसलेल्या गड्याने पहाटे आपला उच्चांक मोडू पाहू नये. तिसरे उपवास. एकादशी आम्हीही करतो. परंतु अन्नातील साखर स्नायूंत साठते ती पाण्यासह, आणि निर्जळ उपवासात दोन्ही आटतात. द्वादशीस पारण्यापूर्वी मोठ्या वजनाचा हट्ट कशास? चौथे कारण साचलेला शीण. आठवड्यामागून आठवडे जड वजने उचलली की बल शिणाखाली झाकले जाते. आठवडाभर हलका व्यायाम केला की ते पुन्हा वर येते.

परंतु प्रत्येक हुलकावणी इतकी निरुपद्रवी नसते. आमच्या भाच्याचा बार डोक्यावर नेताना डावीकडे कलू लागला. डाव्या दंडाच्या मागच्या स्नायूत जोर येईना, मधले बोट बधिर होई. घरात दृष्ट निघाली, तेल चोळून झाले, आणि तालमीत कोणी म्हणाले, 'मनाने कच्चा आहे.' त्या एका वाक्याने पोराने तालीम सोडण्याचे ठरविले होते. दीड महिना असाच गेला. मग डॉक्टरांनी तपासून सांगितले की, मानेच्या मणक्यांमधील चकती सरकून नस दाबली गेली आहे. पोर सावरले, पण डाव्या हाताचा जोर पुरता परतण्यास वर्ष लागले.

म्हणून एक भेद ध्यानी धरावा. सारे अंगच एखादा दिवस जड झाले, तर वजन उतरवून ठेवावे, जेवावे, झोपावे, वाट पाहावी. एकच बाजू दुबळी झाली, बधिरपणा आला किंवा आठवडाभराच्या विश्रांतीनेही जोर परतला नाही, तर वैद्यकीय तपासणी करावी. तोंड वाकडे होणे, जीभ अडखळणे, अंगाची एक बाजू अचानक लुळी पडणे, छातीत दडपण येणे, यांपैकी काही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. जबर व्यायामानंतर विश्रांती घेऊन उठताना मांड्याच उचलेनात, तर रक्तातील पोटॅशियम घसरलेले असू शकते. लघवी काळसर झाली, तर स्नायू विरघळू लागल्याची ती खूण असू शकते. तेथेही विलंब नको.

मारुतिरायास स्वतःच्याच बलाचा विसर पडला होता, हे आपण सारे जाणतो. त्याला आठवण देणारा जांबुवंत हसला नव्हता. अडलेल्या गड्यापाशी जाऊन आपणही एवढेच विचारावे: झोप झाली का? जेवलास का? आणि दोन्ही हात सारखे चालतात ना?