विरलेला पदर

आमच्या बोरी गावात काकूंनी आज ओसरीवर वाकळ शिवायला घेतली. खाली आजोबांचं धोतर, वर आजीची लुगडी, मधे उसवलेले सदरे. धावदोरा काठाकडून आत सरकतोय. एका लुगड्याचा पदर डोक्याच्या जागी पार विरलाय. काकूंनी तिथं मुद्दाम लाल ठिगळ लावलं. म्हणाल्या, "पाट्या वाहून विरलंय ते. दिसू दे की."

आजीचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही. तिच्या कष्टांची नोंद असलीच तर या कापडात आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईची वाकळ विठ्ठलानं शेला समजून पांघरली, अशी आख्यायिका आहे. तिकडे अमेरिकेत १९८७ साली एड्सनं गेलेल्यांची गोधडी वॉशिंग्टनच्या मैदानात अंथरली होती. १,९२० तुकडे, एकेक तीन फूट बाय सहा फूट, थडग्याएवढा. बहुतेकांवर गेलेल्याचं नाव.

आमच्या वाकळेवर नाव नसतं. कुठलं कापड कुणाचं, हे शिवणारीलाच ठाऊक. ती गेली की उरतं नुसतं पांघरूण. म्हणून काकूंना विचारून एकेक तुकडा वहीत उतरवतोय. ब्लँकेटच्या दिवसांत एवढं तरी आपल्या हातात आहे.