नदीपल्याडच्या लोकांची बोली

उन्हाळी शिबिरातल्या बालनाट्यात नदीपल्याडची एक टोळी होती आणि तिला स्वतःची भाषा हवी होती. मुलांनी लगेच ‘च’ची भाषा सुचवली. पण ‘चलाम’ म्हटलं की समोर बसलेलं शेंबडं पोरसुद्धा ‘मला’ ओळखतं. ‘बाहुबली’साठी मदन कार्की यांनी रचलेली किलिकी त्यांना ठाऊक होती. तसंच काहीतरी, पण आपलं स्वतःचं, हवं होतं.

मी मार्क रोझेनफेल्डर यांचं ‘जेन’ हे छोटंसं सॉफ्टवेअर उघडलं. व्यंजनं कोणती, स्वर कोणते आणि अक्षराचा साचा कसा, एवढं त्याला सांगायचं. व्यंजन-स्वर हा एक साचा, नुसता स्वर हा दुसरा. कळ दाबली की शब्दांचा ढीग पडतो. ध्वनी मी रोमन लिपीतच भरले. देवनागरीत ‘क’ लिहिला की ‘अ’ त्यात आलाच. ‘म्ह’ मला एकच ध्वनी म्हणून हवा होता, तर त्याच्या जागी एक मोठं रोमन अक्षर धरलं आणि शेवटी त्याचा ‘म्ह’ करणारा नियम जोडला.

सगळ्या ध्वनींना सारखी संधी दिली तेव्हा निघाली ती नुसती खिचडी. कुठल्याच जिवंत भाषेत सगळे आवाज सारखे वापरले जात नाहीत. मराठीत ‘त’, ‘र’, ‘ल’ पावलोपावली भेटतात, ‘ढ’ची गाठ क्वचित पडते. ‘जेन’मध्ये यादीत जो ध्वनी आधी, तो जास्त वेळा येईल अशी सोय आहे. मी म, र, व पुढे घेतले, ‘ग’ला शेवटी ढकललं आणि त्या ढिगाला एकदम हेल आला. कुणीतरी एका गावचं बोलतंय असं वाटू लागलं.

मग ‘ळ’. आपल्याकडे शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही; म्हणून माझ्या टोळीचे निम्मे शब्द त्यानेच सुरू केले. ळोमिरा, ळुवा. आवाज ओळखीचा, जागा परकी. मार्क ओक्रँड यांनी क्लिंगॉन ही भाषा रचताना असंच काहीसं केलंय: तिच्यात जीभ वळवून म्हणायचा ‘ड’ आहे, पण त्याचा जोडीदार ‘ट’ नाही. आपल्या कानाला ते पंगतीत एक पान रिकामं राहिल्यासारखं लागतं.

यंत्राला मराठी येत नाही, त्यामुळे त्याला लाजही नाही. ‘मुतो’ आणि त्याची भावंडं मीच वेचून काढली. एरवी तालीम तिथेच संपली असती! पाण्याला ळुवा म्हणायचं की ‘थांब’ला, हेही मलाच ठरवावं लागलं.

तालमीत एक मुलगी घाईघाईत ‘ळोमिरा’चं ‘ळोम्रा’ करू लागली. जोडाक्षराचा साचा मी सॉफ्टवेअरला दिलाच नव्हता. पण उंदीरचं उंदराला होताना आपणही मधला स्वर गिळतोच. मला ते इतकं आवडलं की ‘र’च्या आधीचा ‘इ’ मी सगळ्या यादीतून पेन्सिलने खोडला. त्यावर एक मुलगा चिडला. “ताई, माझं सगळं पाठ झालंय!” त्याला टोळीतला आजोबा केला. आता आजोबा ‘ळोमिरा’ म्हणतात, नातवंडं ‘ळोम्रा’, आणि तिसऱ्या प्रवेशात आजोबा त्यांचे उच्चार सुधारायला जातात.