बेचाळीस मीटरांचा शेजार

आमच्या मुलुंडच्या घरीं मामंजींचा एक लांकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचा मान घरांत कर्त्या पुरुषासारखाच असे. शनिवारीं रात्रीं साडेनऊला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागावयाचा. तो १९५२ सालीं सुरू झाल्यापासून मामंजींनीं क्वचितच चुकविला असेल. जेवणें त्यापूर्वीं उरकलीं पाहिजेत, भांड्यांचा आवाज होतां कामा नये, असा घरचा दंडकच होता.

१९७४ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. विलंबित ख्याल ऐन रंगांत आला असतां तबल्याच्या ठेक्यावर एक तरुण आवाज स्वार झाला, "सीक्यू, सीक्यू, सीक्यू..." आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. आवाज समोरच्या बिऱ्हाडांतील काकूंच्या धाकट्या मुलाचा! परीक्षा देऊन त्यानें हौशी रेडिओचा सरकारी परवाना मिळविला आहे व गच्चीवर तार ताणली आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. पण तो आमच्या गवयाच्या मांडीला मांडी लावून बसेल, अशी कल्पना कोणासही नव्हती.

दोन-तीन आठवडे असेच गेले. चाळकऱ्यांचा धीर सुटला. परवाना काढून घ्यावा असा अर्ज करण्याचें ठरलें, आणि शिकलेली सून म्हणून मसुदा लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं तो मोठ्या आवेशानें लिहिला. 'उपद्रव' हा शब्द त्यांत चार वेळां आला होता, हें सांगावयास आज संकोच वाटतो.

पहिली सही मामंजींची हवी होती. त्यांनीं चष्मा लावून अर्ज दोनदां वाचला व विचारलें, "हा मुलगा कोणत्या लांबीच्या लहरीवर बोलतो?" चाळीस मीटरांच्या पट्ट्यावर, असें कोणी तरी सांगितलें. मामंजी कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, बेचाळीसच्या लढ्यांत मी रात्रीं दार लावून, आवाज बारीक करून, बेचाळीस पूर्णांक चौतीस शतांश मीटरांवर कान लावून बसत असें."

तें काँग्रेस रेडिओचें ठिकाण. ऑगस्ट १९४२ मध्यें उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें गुप्त केंद्र मुंबईंत चालविलें. जागा पुनःपुन्हां बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं त्यांना पकडलें. त्यांचें यंत्र उभारण्यांत नरिमन प्रिंटर या जाणकाराचा हात होता. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारें ७,०८० किलोसायकल; हौशी मंडळींच्या चाळीस मीटरांच्या पट्ट्यांतच तें पडतें. सरकारनें तो आवाज दाबण्यासाठीं त्याच लहरीवर गोंगाट सोडला होता. "मुद्दाम कालविलेला गोंगाट मीं ऐकला आहे," मामंजी म्हणाले. "हें पोर तसें कांहीं करीत नाहीं. आधीं त्याला बोलवा."

तो आला तो ओशाळलेला. मला वाटलें होतें, उलट उत्तरें देईल. त्यानें मात्र रेडिओ लावून कांटा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरविला, आणि धाकट्या भावाला आपल्या यंत्रापुढें बसवून आंकडे मोजावयास लावलें. आंकडे सर्व ठिकाणीं सारखेच ऐकूं येत. मग त्यानें आवाजाचें बटण पार बंद केलें. गाणें थांबलें; आंकडे चालूच राहिले! "आजोबा," तो म्हणाला, "माझा आवाज तुमच्या स्टेशनच्या जागीं येत नाहीं. तो निवडीच्या दाराबाहेरून, विजेच्या तारांतून, थेट आंतल्या आवाज वाढविणाऱ्या व्हॉल्व्हपाशीं शिरतो. जवळच्या जोरदार लहरीचें तेथें उगीचच ध्वनींत रूपांतर होतें. माझें यंत्र आपल्या पट्ट्याबाहेर गेलेलें नाहीं." त्यांत दोष कोणाचा, हें मला तेव्हां नीटसें कळलें नाहीं, माझा मसुदा चुकला होता एवढें मात्र कळलें.

मामंजींनीं आजवर त्या पेटीचें पाठचें फळकूट कोणाला उघडूं दिलें नव्हतें. त्या दिवशीं दिलें. पण स्वतः शेजारीं स्टूल टाकून, शस्त्रक्रियेस बसलेल्या आप्तासारखे बसले. मुलानें प्रथम प्लग काढला, कांहीं वेळ थांबला, आणि मग त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशीं एक रेझिस्टर व एक इवलासा कंडेन्सर डाकला. गच्चीवर आमची तार त्याच्या तारेस समांतर गेली होती, तीही त्यानें आडवी वळविली. पुढच्या शनिवारीं गवई एकटाच गायला. मामंजींनीं अर्ध्या कार्यक्रमांत उठून समोरचें दार ठोठावलें आणि मुलाला गाणें ऐकावयास घेऊन आले. पोराला त्यांतलें फारसें कळत नव्हतें, हें मला स्पष्ट दिसत होतें.

मामंजी जाऊनही पुष्कळ वर्षें झालीं. पेटी अजून आहे. तींत आतां बहुतेक खरखरच ऐकूं येते. तो मुलगा साठी उलटूनही त्याच पट्ट्यावर बोलतो. गेल्या दिवाळींत त्यानें आमचें दार ठोठावलें. "वहिनी, रागावूं नका, तुमच्या गॅलरींतला नवा एलईडी दिवा लागला कीं माझ्या चाळीस मीटरांवर कांहीं म्हणजे कांहीं ऐकूं येत नाहीं. तो विझवून पाहूं का?"

मी उठून दिवा विझविला. तो आपल्या खिडकींतून हात हालवून 'गेला, गेला' असें खुणावूं लागला.