निव्वळ वजन

लग्नसराई सुरू झाली की हल्ली आमच्या मुरुमात पेशवाई अवतरते. मांडवात दर दुसऱ्या बाईच्या गळ्यात ठुशी, तिच्यावर चिंचपेटी आणि नाकात जेवताना घास अडेल एवढी नथ. हेच दागिने आमच्या आईच्या अंगावर होते, तेव्हा 'जुनाट' होते. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' पडद्यावर आला आणि जुनाटाचं 'पारंपरिक' झालं. भाव अर्थातच पारंपरिक राहिला नाही.

हे वेड काही आपल्याच मुलखाचं नाही. आयर्लंडात १८५० साली समुद्रकाठी अंगरख्याला लावायचा एक हजारभर वर्षांपूर्वीचा पिन सापडला. डब्लिनच्या वॉटरहाऊस नावाच्या सराफाने तो घेतला, जुन्या राजांच्या तारा टेकडीचं नाव त्याला चिकटवलं आणि त्याच्या नकला विकायला काढल्या. पिन सापडला होता भलतीकडेच. पण नावात वजन होतं. खुद्द व्हिक्टोरिया राणीला तो दाखवला म्हणे. जाहिरात कशी करावी, हे आम्हाला बी. कॉम.ला कुणी असं शिकवलं नाही.

आपल्या पुतळ्यांच्या माळेची कथा तर याहून न्यारी. तिच्यातल्या जुन्या पुतळ्या म्हणजे व्हेनिसची सोन्याची नाणी. त्यांवर तिथला राजप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला. आपल्या बायांनी बाहुलीसारखी आकृती पाहिली, तिला 'पुतळी' म्हटलं आणि गळ्यात घातलं. एखादे मार्कसाहेब तुळजापूरची जत्राही करून आले असतील!

बँकेतल्या सोनेतारणाच्या टेबलावर मात्र हे सगळं काव्य संपतं. फॉर्मात ठुशी नाही, वजरटीक नाही. 'नेकलेस, नग एक'. बोरमाळेच्या मण्यांतली लाख वजा, दोरा वजा, खडे वजा. उरतं ते निव्वळ वजन. त्या वजनावरच मृगाची पेरणी होते. आमच्या आजीची बोरमाळ १९७२च्या दुष्काळात घराबाहेर गेली ती ज्वारी होऊन परत आली.

गेल्या जूनमध्ये एक मावशी रुमालात बांधून ठुशी घेऊन आल्या. सराफांनी ती कसोटीवर घासली आणि चष्मा काढून ठेवला.

"मावशी, ही एक ग्रॅमवाली हाय."

"मग एक ग्रॅमचं तरी द्या की!"

नावातला ग्रॅमसुद्धा नुसता मुलामाच असतो, हे त्यांना कोणी सांगावं? सराफांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

"आन् खरी कुठंय?" सराफांनी हळूच विचारलं.

"थोरलीच्या लग्नात मोडली. पोरीनं तसलीच ही आणून दिली. नुसता गळा बरा दिसंना म्हणं."

घडण परत आली होती; तिच्या आत जी पेरणी असायची, ती आली नव्हती. मावशींनी ठुशी पुन्हा गळ्यात बांधली आणि पदर सारखा केला.

"पर दिसती का नाही खऱ्यावानी?"

"दिसती की," सराफ म्हणाले.

एवढ्यावर कर्ज देता येत नाही. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.