टेंभुर्णीच्या झुडपाआड

ज्या वस्तीला लाकडाच्या बाजाराने नाव दिले, त्या लकडगंजात आमची कैक वर्षे गेली. आरा मशीनचा चिरका आवाज आणि भुशाचा वास इतका अंगवळणी पडला, की हे लाकूड कुठल्याशा रानात आपसूक वाढत असणार, असेच आम्ही धरून चाललो. वर्गातही आम्ही रानाला कथेची ‘पार्श्वभूमी’च म्हणत असू.

ही समजूत प्रथम हलली ती मारुती चितमपल्ली वाचताना. वनखात्यात हयात घालवलेले हे लेखक २०२५ मध्ये गेले. त्यांच्या लेखनात प्राणी देखाव्यापुरते येत नाहीत. ते रानाचे रहिवासी असतात.

विदर्भातल्या टेंभुर्णीचेच पाहा. तिची गोड फळे अस्वल खाते. बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात आणि रुजतात. पुढे माणूस येतो. बिडीसाठी कोवळे, रुंद पान हवे म्हणून तो झुडपे छाटतो, कुठे आगही लावतो. बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. झाड वाढू न देता झुडूपच राखले जाते. मोहाखाली तर दोघेही पहाटेच पोहोचतात, फुले वेचायला. म्हणजे ज्याला आपण ‘नैसर्गिक’ रान म्हणतो, त्यावर अस्वलाच्या पोटाचे आणि माणसाच्या कोयत्याचे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले असतात.

पण ही भागीदारी सोज्वळ नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. पान तोडायला बाई वाकते तेव्हा झुडपाआड ती माणूस म्हणून ओळखूच येत नाही, असे जाणकार सांगतात. जे झुडूप तिला हंगामाची मजुरी देते, तेच वाघाला आडोसा देते.

ती बातमी आम्ही सागवानी दाराआड, पंख्याखाली बसून वाचली. रानातून आमच्यापर्यंत लाकूड येते, बिडी येते. जोखीम मात्र तिथेच राहते. सहजीवन हा शब्द आम्ही व्याख्यानांतून किती सैलपणे वापरला, हे त्या दिवशी ध्यानात आले. त्या स्त्रियांना तो शब्द कसा ऐकू आला असता?

‘पार्श्वभूमी’ हा शब्द फळ्यावर लिहिताना आताशा आमचा हात थबकतो.