साक्षीचे ऋण

युद्ध संपून चाळीस-पन्नास वर्षे लोटल्यावर एखादा वृद्ध सैनिक सरकारकडे अर्ज करतो : मला मिळावयाचे शौर्यपदक मिळालेले नाही, ते मिळावे. असे वृत्त वाचनात आले की आपल्यातील पुष्कळ भाविक माणसे किंचित अस्वस्थ होतात. सत्कृत्याची दवंडी पिटू नये, ही प्रभू येशूची शिकवण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. दानधर्मही गुप्तपणे करावयाचा, तर मग रणांगणावरील पराक्रमाचे मोल स्वतःहून मागणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? आयुष्याच्या सायंकाळी धातूच्या एका तुकड्याचा हा हव्यास कशासाठी? हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तो वरवरचा नाही; म्हणून त्याचे उत्तरही सावकाश शोधावयास हवे.

पदक हरवते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. अमेरिकेचे उदाहरण घेतो, कारण तेथे अशा अर्जांची वाट कायद्याने आखून दिलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातू शस्त्रास्त्रांसाठी राखून ठेवावा लागला. त्यामुळे मोहिमांची पदके त्या वेळी घडविली गेली नाहीत. सैनिकांना गणवेशावर लावावयाच्या रंगीत फिती तेवढ्या मिळाल्या. युद्ध संपले, माणसे घरी परतली, शेतीला वा कारखान्याला लागली आणि पदके मागावयास अनेकजण गेलेच नाहीत. पुढे १९४७ साली असे ठरले की, ज्या पायदळ सैनिकांना आणि त्यांच्यासोबतच्या वैद्यकीय सेवकांना त्या महायुद्धात प्रत्यक्ष लढाईचा बिल्ला मिळाला होता, त्यांना ब्राँझ स्टार हे पदकही द्यावे. परंतु त्यासाठी ज्याने त्याने स्वतः अर्ज करावयाचा होता. ज्यांच्या कानी हा नियम गेलाच नाही, त्यांचे पदक तसेच राहून गेले.

त्यात अग्नीची भर पडली. १२ जुलै १९७३ रोजी मिसूरी राज्यातील सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. ती पूर्ण विझण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागला. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांच्या नोंदी तीत नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून निवृत्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांची कागदपत्रे राख झाली. त्यांच्या दुसऱ्या प्रती काढलेल्या नव्हत्या आणि कोणते कागद गेले याची सूचीही नव्हती. दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेली माणसे एका आठवड्यात कागदोपत्री जवळजवळ पुसली गेली. तेथील कर्मचाऱ्यांनी भिजलेली, करपलेली पाने वाळवून, इतरत्र राहिलेल्या पगाराच्या पावत्या जुळवून अनेकांच्या सेवेचा इतिहास पुन्हा उभा केला, हे त्यांचे श्रेय होय. परंतु पगाराच्या पावतीवरून माणूस सैन्यात होता एवढेच सिद्ध होते. अमुक रात्री अमुक टेकडीवर त्याने काय केले, हे पावती सांगत नाही.

मग उरतो तो अर्ज. १९४६ च्या कायद्यानुसार अमेरिकेत सैनिकी नोंदींतील चुका दुरुस्त करणारी मंडळे स्थापन झाली. त्यांवर गणवेशधारी अधिकारी नव्हे, तर नागरी सदस्य बसतात. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा, असा नियम आहे. न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत शिथिल करू शकते. मात्र पुरावा आणण्याचे ओझे अर्जदारावरच असते. आणि पुरावा म्हणजे बहुधा सोबत्याची साक्ष. ऐंशीच्या घरातील म्हाताऱ्याने आपला त्या वेळचा सोबती शोधावयाचा, तो जिवंत असावयाचा, आणि त्याला ती रात्र आठवत असावयाची!

येथे मला संत पौलाची आठवण होते. फिलिप्पै शहरात त्याला व सीलाला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप धाडला. ज्या पौलाने ख्रिस्तासाठी सर्व मानमरातब केरकचरा मानले, तोच पौल तेथे अडून बसला. आपण रोमन नागरिक आहोत. उघडपणे झालेला अन्याय गुपचूप मिटवू देणार नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः यावे आणि आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. त्यात अहंकार होता काय? मला तसे वाटत नाही. नुकत्याच श्रद्धा स्वीकारलेल्या तेथील बंधुभगिनींकडे लोकांनी गुन्हेगारांचे सोबती म्हणून पाहू नये, हाही त्याचा हेतू असावा. नम्रता म्हणजे सत्याला दडपणे नव्हे. स्वतःचा बडेजाव नको म्हणणे वेगळे आणि जे घडले ते घडलेच नाही असे होऊ देणे वेगळे.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त सैनिक काकांशी मी याविषयी एकदा बोललो. पदकाचे तुम्हांला काय वाटते, असे विचारताच ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळा, पदकावर नाव माझे असते, पण त्या दिवशी शेजारी जो पडला, त्याची आठवण दुसरी कुठे ठेवू?" त्यांच्या या वाक्याने माझा मूळ प्रश्नच पालटला. पदक मागणारा हात स्वतःसाठीच पुढे आलेला असतो, असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तो दुसऱ्या कुणासाठी पुढे आलेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एका धर्मगुरूचेच आहे. फादर एमिल कपॉन हे कॅन्सस राज्यातील पिल्सन गावच्या एका बोहेमियन शेतकरी कुटुंबात १९१६ साली जन्मले. १९४० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी ब्रह्मदेश-भारत आघाडीवर सैनिकांचे धर्मगुरू म्हणून सेवा केली. पुढे ते कोरियाच्या युद्धात गेले. १ व २ नोव्हेंबर १९५० रोजी उनसान येथे चिनी फौजांनी त्यांच्या पलटणीला वेढले. निसटून जाण्याची संधी असतानाही ते जखमींसोबत मागे राहिले. जखमींत एक चिनी अधिकारी होता. त्याच्याशी बोलून, शरण येणाऱ्यांचे प्राण वाचावेत, अशी तजवीज त्यांनी केली. घोटा मोडून पडलेल्या सार्जंट हर्बर्ट मिलर यांच्या मस्तकावर एका सैनिकाने बंदूक रोखली होती. फादरांनी ती हाताने बाजूला सारली, मिलर यांना उचलले आणि बंदिवानांच्या त्या दीर्घ वाटचालीत आधार देऊन चालविले.

प्योकतोंगच्या छावणीत उपासमार, थंडी आणि रोगराई यांनी माणसे मरत होती. संत दिस्मसची, म्हणजे प्रभूसोबत क्रुसावर खिळलेल्या पश्चात्तापी चोराची, प्रार्थना करून फादर रात्री धान्य चोरावयास जात. पत्र्याची भांडी ठोकून त्यांत पाणी उकळीत. आजाऱ्यांचे मळलेले कपडे स्वतः धूत. १९५१ च्या पुनरुत्थान सणाला पहाटे त्यांनी बंदिवानांसाठी उपासना चालविली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २३ मे १९५१ रोजी, ते छावणीतच मरण पावले. वय अवघे ३५ वर्षे.

त्याच वर्षी त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे दुसऱ्या क्रमांकाचे पदक मरणोत्तर जाहीर झाले. परंतु ज्यांनी सर्व काही डोळ्यांनी पाहिले होते, ते सोबती तेव्हा तारेच्या कुंपणाआड होते. १९५३ मध्ये ते सुटले तेव्हा त्यांनी एक लाकडी क्रूसमूर्ती सोबत आणली. ती कोरली होती जेराल्ड फिंक या यहुदी वैमानिकाने. फिंक छावणीत आले ते फादरांच्या मृत्यूनंतर; त्यांनी फादरांना पाहिलेही नव्हते, केवळ इतरांकडून ऐकले होते. माईक डाऊ या तरुण लेफ्टनंटने १९५४ मध्येच फादरांची हकिकत एका प्रसिद्ध अमेरिकन साप्ताहिकात लिहिली आणि पुढे कित्येक दशके, सर्वोच्च पदक मिळावयास हवे, असा आग्रह धरला. कॅथलिक, प्रोटेस्टंट, यहुदी, सर्व पंथांच्या सोबत्यांनी एकच साक्ष दिली. शिफारशीची कायदेशीर मुदत केव्हाच उलटली होती. ती अमेरिकन काँग्रेसला कायद्याने शिथिल करावी लागली. अखेर ११ एप्रिल २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मेडल ऑफ ऑनर फादरांच्या पुतण्याच्या हाती दिले. ज्यांचे प्राण फादरांनी वाचविले होते, ते मिलरही तेथे उपस्थित होते.

वाचकहो, फादर कपॉन यांना त्या पदकाचे काही देणेघेणे नव्हते, हे उघड आहे. त्यांच्या सोबत्यांनाही त्यातून कवडी मिळावयाची नव्हती. मग बासष्ट वर्षे ती म्हातारी माणसे कशासाठी झटली? आपण जगलो तो एका माणसाच्या जिवावर, हे कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय त्यांना शांतपणे डोळे मिटवेनात, म्हणून. हे साक्षीचे ऋण होते. त्या पदकाच्या मानपत्रात तरी केवळ उनसानच्या दोन दिवसांचा उल्लेख आहे. छावणीतील चोरलेले धान्य आणि धुतलेले कपडे त्यात नाहीत. तो भाग ख्रिस्तसभेच्या चौकशीने जपला. १९९३ मध्ये त्यांना 'देवाचे सेवक' म्हणून मान्यता मिळाली. २०२१ मध्ये त्यांच्या अस्थींची ओळख पटली आणि त्या विचिटा येथील कॅथेड्रलमध्ये विसावल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'आदरणीय' घोषित करण्यास संमती दिली. सरकार असो वा ख्रिस्तसभा, दोन्हीकडे पाया एकच : पाहिलेल्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलेले शब्द.

आपल्या घराघरांतूनही लष्करात सेवा केलेले आजोबा, काका, मामा आहेत. त्यांची निवृत्तीची कागदपत्रे कुठल्या ट्रंकेत आहेत, त्यांना कोणती पदके मिळाली आणि कोणती मिळावयाची राहिली, हे किती घरांत ठाऊक आहे? त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जाणे, हे घरातील शिकलेल्या मुलामुलींना अवघड नाही. त्याआधी एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसून, कोणत्या साली, कुठे, कोणासोबत होतात, हे विचारून वहीत लिहून घ्यावे आणि खाली त्यांची सही घ्यावी. पदक येईल अथवा न येईल. त्यांचा सोबती जिवंत असेल, तर त्याचा पत्ता मात्र याच महिन्यात शोधावा.